उंच गाडीचे मागचे पाटे

एकदा, एका घाटाच्या पायथ्याशी, गाड्यांच्या पाट्यांना बाक देणारा एक वृद्ध मिस्त्री राहत होता. जीपच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. नव्या पाट्याला धनुष्यासारखा बाक असतो. ओझं वाहून वाहून तो बाक जातो, पाटा सरळ होतो, आणि सरळ झालेला पाटा कामातून जातो. जग वाकड्याला सरळ करायला बसलेलं आहे. हा म्हातारा मात्र जन्मभर सरळ झालेल्याला वाकडं करत आला. लोक त्याला वस्ताद म्हणत.

वस्तादाचा एक शिष्य होता, बिरू. हा काही पोरवयात आलेला नव्हता. बायकोमुलांचा झाल्यावर, घरची मेंढरं विकून हे काम शिकायला आला होता. धनगराचा डोळा होता त्याला. लांबून येणारी गाडी कुठल्या पायानं लंगडते आहे, हे तो फाट्यावरूनच सांगायचा. आणि त्याचा आणखी एक गुण सगळे वाखाणत: बिरू सांगितलेलं ऐकतो. धाकटा म्हणून ऐकतो, गरीब म्हणून ऐकतो, पण ऐकतो. वस्ताद मात्र ही स्तुती कानावर आली की दुसरीकडे बघत बसे.

त्याच गावात हिरड्याचा एक व्यापारी होता. वरच्या रानात हिरडा पिकतो. तो औषधाला जातो, कातडं कमवायला जातो. हंगाम आला की गावातल्या बायका रान गाठतात, दिवसभर हिरडा वेचतात आणि तिन्हीसांजेच्या आत खाली येतात. वाट म्हणजे नुसता खडक. बायकांचा अर्धा दिवस चालण्यात जातो हे शेठच्या लक्षात आलं, आणि त्यानं एक जुनी जीप विकत घेतली. शहरातल्या हौशी लोकांनी खडकांवर चढायच्या शर्यतीसाठी ती उंच करून घेतली होती. चाकं अशी मोठी, की जवळ उभं राहिलं तर कमरेच्या वर येत. स्टेअरिंग आपल्याकडच्या सगळ्या गाड्यांसारखं उजव्या हाताला. त्याच्या शेजारी, डाव्या हाताला, शेठची गादी. मागं समोरासमोर दोन लोखंडी बाक. तिथं बायका आणि पोती.

पहिल्या हंगामात जाताना गाडी ठीक जायची. येताना पोती आणि बायका एकदम चढल्या की तिचा मागचा भाग खाली बसायचा आणि तोंड आभाळाकडे व्हायचं. कुत्रं बसावं तशी ती गावात यायची. पारावरची माणसं हसायची. शेठला खडकाचं काही वाटत नव्हतं, हसण्याचं वाटायचं.

त्यानं बिरूला बोलावलं. म्हणाला, "बिरू, गाडी उंच घेतली ती उंच दिसायला पाहिजे. मागनं तसूभर बसता कामा नये. माझ्याच वाड्यापुढं काम कर, म्हाताऱ्याला मधे घालू नकोस. तो चार गोष्टी विचारत बसतो. एवढं करून दे, आणि फाट्यावरची माझी जागा तुझी. तिथं टाक तुझं दुकान."

फाट्यावर घाट चढणारी प्रत्येक गाडी थांबते. त्या जागेवर दुकान म्हणजे बिरूच्या घराला आयुष्याची भाकरी. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं पाणी कुठून भरायचं इथपर्यंत ठरवून टाकलं.

बिरू कामाला लागला. शेठनं सांगितलं होतं हलता कामा नये, म्हणून त्यानं न हलणारं शोधलं. एका मोडीत निघालेल्या ट्रकचे जाड पाटे आणले आणि जीपच्या पातळ पाट्यांखाली दोन्ही बाजूंना बांधले. ट्रकचा पाटा तो. त्याला कळायला ट्रकचं ओझं लागतं. गाडी मागून उचलली गेली आणि सजवलेल्या घोड्यासारखी ऐटीत उभी राहिली. शेठ खूश झाला. बिरूनं ट्रायल घेतली. उजवीकडे तो, डावीकडे शेठ. दोघांना पाळण्यात बसल्यासारखं वाटलं.

आता इथं मिस्त्री लोकांची एक जुनी चूक सांगितली पाहिजे. गाडी पुढची दुरुस्त करा की मागची, ट्रायल घेणारा बसतो पुढंच. मागच्या बाकावर काय असतं? पाने, हातोडी आणि जेवणाचा डबा. त्या दिवशीही तेच होतं. घरी येऊन बघतो तर डबा उघडा पडलेला आणि कालवण बाकाखाली सांडलेलं. बिरूला वाटलं, झाकण सैल झालं असेल.

नव्या हंगामाचा पहिला दिवस आला. शेठनं गाडीला हार घातला आणि वस्तादाला नारळ फोडायला बोलावलं. काम शिष्याचं, नारळ गुरूच्या हातचा, म्हणजे चार लोकांत शोभा. बायका हिरडा वेचायच्या पाट्या, म्हणजे टोपल्या, घेऊन जमल्या होत्या. त्यांच्यात सर्वांत वडील होती ठकूबाई. तिची जीभ आख्ख्या गावाला ठाऊक.

गाडी बघून ती म्हणाली, "शेठ, हिच्यावर चढायला शिडी कुठं ठेवलीय? का आंब्यावर चढून उडी टाकायची?"

बायका हसल्या. शेठही हसला, कारण गाडी उंच आहे एवढंच त्याला ऐकू आलं. "फोडा मिस्त्री," तो म्हणाला.

वस्तादानं नारळ घेतला. पुढं न जाता तो गाडीला वळसा घालून मागं गेला. मागच्या चाकापाशी थांबला आणि लेकराचा ताप बघावा तसा पाट्यांच्या थप्पीवर पालथा हात ठेवला. नारळ ठकूबाईच्या हातात दिला, "धर गं जरा," म्हणाला, आणि मागचा फाळका धरून वर चढायला लागला. बिरू हात द्यायला धावला.

"हात नको."

चढायला त्याला बराच वेळ लागला. चढला, आणि डाव्या बाकाच्या अगदी शेवटच्या टोकाला जाऊन बसला. स्टेअरिंगपासून गाडीत त्याहून लांबची जागा नाही.

शेठ म्हणाला, "मिस्त्री, तिथं कुठं? तुमचा मान पुढं आहे."

"मान राहू द्या पुढंच. मी इथं बरा आहे."

"तिथून काय दिसणार तुम्हाला?"

"मागं बसणाऱ्याला काय दिसतं, तेच बघतो."

"बायका खोळंबल्यात."

"एक फेरी थांबतील. आधी मी चढापर्यंत जाऊन येतो."

शेठचा आवाज बदलला. "उतरा, मिस्त्री."

"उतरत नाही."

"गाडी माझी आहे."

"आहे की. मी काय घरी न्यायला बसलोय? चालवा."

आता चार लोकांसमोर म्हाताऱ्याला ओढून काढणार कसं? शेठ पुढं जाऊन बसला आणि बिरूला म्हणाला, "चालव. म्हाताऱ्याला हौस आलीय, फिटू दे. आणि जपून-बिपून नको. रोज जाणार तशी ने."

बिरूनं वळून वस्तादाकडे पाहिलं. त्याला एक शब्द हवा होता. वस्ताद म्हणाला, "ते सांगतायत ना? चालव."

गाडी निघाली. गावाबाहेर रस्ता संपला आणि खडक लागला. पुढं दोघे झुल्यावर बसल्यासारखे डुलत होते. शेठ म्हणत होता, "बघ, लोणी आहे लोणी." मागून ठण् ठण् आवाज येत होता. बिरूच्या मनात आलं, पाने उडतायत. मग आठवलं, आज मागं पाने ठेवलेलेच नाहीत.

त्यानं आरशात पाहिलं. वस्तादाच्या पागोट्याचा शेव दिसला, गेला, पुन्हा दिसला. म्हातारा ओरडला असता तर बिरू थांबला असता. 'थांब' म्हणाला असता तर नक्कीच थांबला असता. म्हातारा ओरडत नव्हता. बिरूचे कान मागं लागले होते आणि मागून आवाज येत होता तो फक्त लोखंडाचा.

पुढं खडकाची एक पायरी आली. पुढची चाकं पायरी चढून गेली. मागचं डावं चाक खोलगट जागेवर आलं. पाटा लवला असता तर ते चाक खाली उतरून जमीन धरून राहिलं असतं. हा पाटा लवला नाही. चाक अधांतरी राहिलं, गाडी डावीकडे, दरीच्या बाजूला कलली आणि मग आख्ख्या वजनानं आदळली. ठण्‌ऐवजी दुसराच आवाज आला. हाडाचा.

बिरूचा पाय ब्रेकवर गेला.

"थांबलास का?" शेठ म्हणाला. "कोण म्हणालं थांब?"

"कोणी नाही म्हणालं."

तो उतरून मागं आला. म्हातारा होता तिथंच होता. दोन्ही हातांनी बाकाचा नळा धरलेला, खालचा ओठ फुटलेला, रक्त दाढीत उतरलेलं. एक कोपर सुजायला लागलं होतं.

"वस्ताद, लागलं का?"

"तुला लागलं का?"

"नाही."

"शेठला?"

बिरूनं शेठकडे पाहिलं. शेठ गाडीवरचा हार नीट करत होता. "नाही," बिरू म्हणाला.

"मग हाच गाडीचा दोष," म्हातारा म्हणाला, रक्त थुंकला, आणि पुन्हा नळा धरून बसला, जशी अजून वाट उरलीय.

शेठ मागं आला. त्यानं रक्त पाहिलं, आणि खरं सांगायचं तर क्षणभर तो वरमलाही. पण वरमलेला माणूस दोन वाटांनी जातो, आणि शेठनं सोपी धरली. "म्हातारी हाडं आहेत," तो म्हणाला. "बायकांचं तसं नाही. त्या डोक्यावर मोळ्या घेऊन डोंगर उतरतात. त्यांना सवय आहे. बिरू, गाडी फिरव. खाली जाऊन बायका भर."

पोती भर म्हणतात, तसं तो बायका भर म्हणाला. बिरूनं याआधीही ते ऐकलं असेल. ऐकू मात्र तेव्हा आलं.

चार मोठे धोंडे उचलून त्यानं चाकांना लावले. शेठच्या गादीखालून जॅक आणि पाने काढले. गाडी टेकूवर घेतली आणि तिच्याखाली सरकला. गाडी थांबलेली खालून दिसली म्हणून बायकाही आडवाटेनं वर आल्या होत्या. त्यांनी वस्तादाचं तोंड पाहिलं आणि त्यांची कुजबूज बंद झाली.

"काय करतोस?" शेठनं विचारलं.

"पाटे काढतोय."

"कुणाच्या सांगण्यावरनं?" शेठ वस्तादाकडे वळला. "तुम्ही सांगितलंत?"

"मी कुठं काय बोललो?" वस्ताद म्हणाला. "मी तर नुसता बसलोय."

शेठ खाली वाकला. बिरूचे पाय तेवढे बाहेर होते, तेव्हा तो त्या पायांशीच बोलायला लागला. "बिरू, गाडी माझी आहे."

"गाडी तुमची," गाडीखालून आवाज आला. "हे पाटे मी घातले. माझ्या हातानं घातलं ते मी काढतोय."

"ते काढलेस तर फाट्यावरची जागा विसर."

पाना थांबला. सगळ्यांना ऐकू आलं तो थांबलेला. वारा होता, दुसरा आवाज नव्हता. बायका त्या दोन पायांकडे बघत राहिल्या. शेठही बघत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान यायला लागलं.

"विसरलो," बिरू म्हणाला. पाना पुन्हा सुरू झाला.

शेठ सरळ उभा राहिला. आता त्याला कुणावर तरी आवाज चढवायलाच हवा होता. "बघता काय गं? जा चालत आजच्या दिवस. उद्या तालुक्याचा मिस्त्री आणून ह्याच्याहून घट्ट करून घेतो. मग बसा निवांत."

"आधी तुमी बसून दाखवा, शेठ," ठकूबाई म्हणाली. "त्या म्हाताऱ्याच्या जागेवर."

"मी?"

"का? बाक आखूड पडतो?"

मागं कुणीतरी पदरात हसलं. ठकूबाई हसली नाही. "आमाला सवय हाय म्हणालात. हाय. चालायची हाय. तवा आम्ही चालत जातो. पण चालत येणाऱ्या बाईच्या डोईवर पोतं नसतं येत शेठ, पाटीच येती. येईल तेवढा हिरडा येईल." तिनं नारळ बॉनेटवर ठेवला. "हा तुमचा नारळ." आणि ती वरच्या वाटेला लागली. बायका तिच्या मागून गेल्या. एकीनंही वळून पाहिलं नाही.

ऊन कलेपर्यंत बिरू गाडीखाली होता. म्हातारा एका खडकाच्या सावलीला जाऊन बसला. शेठला जायला जागा नव्हती, तो आपल्या गादीवरच बसून राहिला, हार घातलेल्या गाडीत, एकटा. ट्रकचे पाटे बाहेर आले, जुने परत बांधून झाले. तेव्हा शेठनं उजवीकडे सरकून स्टेअरिंग धरलं आणि दोघांना तिथंच सोडून तो निघून गेला.

दोघे उतरायला लागले. बिरूच्या खांद्यावर ते जड पाटे होते. सोडून द्यायचे तर वाटेत कुणाच्या पायात आले असते. मग बिरूनं विचारलं, "वस्ताद, तुम्ही गावातच हात लावलात ना पाट्यांना? तेव्हाच कळलं होतं तुम्हाला."

"कळलं होतं."

"मग तिथंच का नाही सांगितलं? एक शब्द बोलला असता, तर मी गाडी जागची हलवली नसती. दात पडायची पाळी आणलीत."

म्हातारा थांबला. त्याला बोलताना ओठ दुखत होता, म्हणून तो सावकाश बोलला.

"खरंय. मी म्हणालो असतो तर तू थांबला असतास. पण कशासाठी? वस्ताद म्हणाले म्हणून. शेठ म्हणाला म्हणून पाटे घातलेस, वस्ताद म्हणाले म्हणून काढले असतेस. ह्यात बिरू कुठं आहे? मी आज आहे, उद्या नाही. मी गेल्यावर आवाज उरेल तो शेठचा. नुसतं ऐकायची सवय लागलेला माणूस, बाबा, जो आवाज मोठा असेल त्याच्यामागं जातो. त्याचा त्यात दोष नसतो, त्याला दुसरं येतच नसतं. म्हणून मी तोंड मिटून बसलो. तुला मिळालेली जागा माझ्या शब्दानं जावी, असं मला नको होतं. जायची तर तुझ्या पायानं ब्रेक दाबून जावी.

"आणि धक्क्याचं म्हणशील, तर धक्का कधी नाहीसा होत नसतो. खडकानं दिलेला धक्का कुणीतरी खावाच लागतो. पाट्यानं खाल्ला, तर पाटा आहेच त्यासाठी. पाटा ताठ राहिला, की तो मागं बसलेल्याच्या मणक्यात जातो. आणि पुढं बसलेल्याला वाटतं, रस्ता सुधारला."

एवढं बोलून तो चालायला लागला.

थोड्या वेळानं बिरू म्हणाला, "जागा गेली, वस्ताद."

"गेली," म्हातारा म्हणाला. त्यानं काही समजूत घातली नाही.

घरी बिरूच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं. ती दोन दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. मग ती एकदा पाणी भरायला गेली असता तिथं तिला ठकूबाई भेटली. दोघींत काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "वस्तादांच्या शेडमध्येच कोपरा मागून बघितलास का?"

शेठनं खरोखरच तालुक्याहून मिस्त्री आणला. त्यानं सांगितल्याप्रमाणे पाटे आणखी घट्ट करून दिले आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा ऐटीत उभी राहिली. बायकांनी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि पाट्या डोक्यावर घेऊन चालायला लागल्या. शेठनं ठेवलेला नवा चालक गाडी घेऊन त्यांच्या मागं निघाला, की दमल्यावर बसतील. वर रानापर्यंत ती उंच गाडी रिकामी, पहिल्या गिअरमध्ये, बायकांच्या मागून चालत गेली. लग्नाच्या मिरवणुकीत नवरदेव पुढं पायी निघावा आणि मागून रिकामा घोडा यावा, तशी. पारावरची माणसं आता जास्तच हसायला लागली. रानात हिरडा झाडाखाली पडून राहिला आणि डोक्यावरच्या पाट्यांतून येईल तेवढाच खाली आला.

शेवटी एका सकाळी गाडी वस्तादाच्या शेडपुढं येऊन थांबली. शेठ उतरला. बिरूकडे न बघता म्हणाला, "मिस्त्री, मागचे पाटे बघा."

"पाटे बिरू बघतो," वस्ताद म्हणाला आणि भट्टीत कोळसा घालायला वळला.

शेठ उभा राहिला. बिडी काढली, पेटवली नाही. मग बिरूला म्हणाला, "बघ रे."

बिरू म्हणाला, "बघतो. पण आधी ऐका, शेठ. ताठ पाटे सगळे निघतील. गाडीचे मूळचे पाटे आहेत त्यांना नवा बाक देऊ आणि त्यांच्याच जातीचा एक पातळ पाटा जोडीला घालू. धक्का झेलणारे शॉकअप लांब घालू, वर रबराचे ठोकळे लावू. गाडी वीतभर खाली येईल, ती काही उंच दिसणार नाही. पोती चाकांच्या मागं लोंबत ठेवायची नाहीत, पुढच्या अंगाला बांधायची. आणि पोती नि बायका एकदम आणायच्या नाहीत. दोन फेऱ्या."

"सगळ्या अटी तुझ्याच?"

"माझी एकही नाही. मागं बसणाऱ्यांच्या आहेत."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर गाडी इथं उभी आहे, रस्ता तिथं आहे," बिरू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाऊस आज नाही, असं सांगावं तसं त्यानं ते सांगितलं.

शेठ बराच वेळ त्या बिडीकडे बघत राहिला. मग शेडच्या दाराशी पडलेल्या टायरवर बसला. "कर," म्हणाला.

पाटे निघाले. एकेक पाटा भट्टीत घालायचा, लाल करायचा, ऐरणीवर ठोकून बाक द्यायचा, मग तेलात विझवून पुन्हा मंद शेकायचा. वस्ताद सांडशी धरून भट्टीपाशी आणि बिरू भात्याच्या हँडलवर, असं त्यांचं वर्षानुवर्षं चालत आलं होतं. मुख्य पाटा भट्टीत होता. सगळी गाडी त्या एका पाट्यावर पेलली जाते.

"दे अजून ताव," वस्ताद म्हणाला.

बिरूचा हात हँडलवर होता. तो फिरला नाही.

"दे म्हटलं ना."

"नको, वस्ताद," बिरू म्हणाला. "बास झालं. तांबडा जाऊन पिवळा चढायला लागलाय. ह्याच्यापुढं गेलो तर पोलाद जळेल, आणि जळलेला पाटा वर चढावर मोडेल."

शेठनं मान वर केली. त्या शेडमध्ये वस्तादाला कुणी नको म्हणाल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. बिरूनंही ऐकलं नव्हतं. स्वतःचाच आवाज ऐकून तो जरा बावरला. पण हात त्यानं हँडलवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

म्हाताऱ्याची नजर खरंच मंदावली होती, की तो मुद्दाम तसं म्हणाला, हे सांगता येत नाही. ही गोष्ट सांगणारे दोन्ही सांगतात. मला विचाराल तर त्यानं काही फरक पडत नाही. पाटा एकच होता, आणि तो जळायचा राहिला.

वस्तादानं सांडशीनं पाटा बाहेर काढला, डोळ्यांजवळ नेला, उजेडाकडे धरून त्याचा रंग पाहिला.

"खरंय," तो म्हणाला.

पाटा ऐरणीवर गेला. दोघांनी मिळून घाव घातले. सरळ झालेलं पोलाद हळूहळू वळलं, आणि त्याला हवा तेवढा बाक आला. तेलात गेल्यावर चर्र आवाज आला, धूर शेडभर झाला. धूर ओसरला तसा वस्ताद सांडशी खाली ठेवून दारात आला आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्या बाईला हाक मारून म्हणाला, "तीन चहा दे गं. एक शेठला, एक मला, आणि एक वस्तादांना."

कोण वस्ताद आले म्हणून बिरूनं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.